पहिल्या नंबरची ओटी

आमच्या घरात बाकी कशाचाही तोटा असे, कांद्याचा कधी नव्हता. लासलगावला रुळांच्या पलीकडे, बौद्धवस्तीत आमचं दोन खोल्यांचं घर होतं. माझे वडील, त्यांना आम्ही आण्णा म्हणायचो, मालधक्क्यावर वॅगनी भरायचे. आई आणि सुमनवहिनी एका व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांदा निवडायला जायच्या. खळं म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड, आत छातीएवढे ढीग, आणि ढिगांभोवती बसलेल्या बायका. मोठा कांदा एकीकडे, मध्यम दुसरीकडे, बारीक गोल्टी तिसरीकडे. ज्यात दोन कांदे एकमेकांना चिकटलेले असतात तो जोड कांदा कोणीच घेत नाही, तो बायका पदरात बांधून घरी आणायच्या. आमच्या चुलीवर वर्षभर जोड कांदाच शिजला. बाजरीची भाकरी, भाजलेला कांदा आणि पाट्यावर वाटलेली शेंगदाण्याची चटणी. अजूनही मी कांदा चिरायला घेते तेव्हा तो जोड निघाला तर मला घरच्यासारखं वाटतं. संध्याकाळी त्या दोघी परत आल्या की केसांतून, निऱ्यांतून कांद्याचा पापुद्रा गळायचा आणि आण्णा म्हणायचे, "आली बघा, आपली पिकं आली घरी." पाठीमागे इंजिनाच्या शंटिंगचे धक्के एका डब्यावरून दुसऱ्या डब्यावर जात असायचे आणि फळीवरचे पितळेचे पेले त्याला साथ द्यायचे.

खळं गावापासून लांब, पिंपळगावच्या रस्त्याला होतं. बायकांना न्यायला सकाळी टेम्पो यायचा, पण तो थांबायचा नाही. ड्रायव्हरचं म्हणणं, थांबून पुन्हा गाडी उचलायला डिझेल लागतं. तो चौकात आला की वेग थोडा कमी करायचा. बायकांनी मागून पळत यायचं, मागची फळी धरायची आणि वर चढायचं. चढली तिला त्या दिवसाचं काम, राहिली ती घरी. यात कोणाला काही वावगं वाटत नसे. सगळ्यांत पुढे वहिनी असायची. साडीचा काष्टा मारून, डब्याचं फडकं दातांत धरून ती टेम्पो गाठायची, वर उडी घ्यायची, आणि मग फळीवर पालथी पडून आईला, शेजारच्या काकूंना, एकेकीला मनगटाला धरून वर ओढायची. दादा, माझा मोठा भाऊ, वारला त्याच्या दुसऱ्याच महिन्यात ती परत टेम्पोमागे पळायला लागली होती. वस्तीतल्या बायका कुजबुजल्या. आण्णांनी त्यांना एकदाच ऐकवलं, "ती बसून राहिली तर पोट भरंल का तुमचं आमचं?" वहिनीच्या माहेरचे न्यायला आले होते, तर ती गेली नाही. म्हणाली, तिथंपण टेम्पोच हाय.

कॉलेजात जाणारी आमच्या घरातली मी पहिली. सकाळच्या शटलने नाशिकला जायचं, संध्याकाळी परत. पहिले काही महिने मी वर्गात तोंड उघडलं नाही, कारण हाय आणि नाय तोंडातून निसटतील याची धास्ती. आता साठीच्या उंबरठ्यावर लिहायला बसले तरी तोच अडखळेपणा हाताला आहे. वाक्य लिहिते, बरोबर आहे ना म्हणून पुन्हा वाचते. पण या प्रकरणातल्या काही माणसांविषयी लिहिताना हात अडखळत नाही, त्याला माझा इलाज नाही. त्यातले पहिले आमच्या जिमखान्याचे सर. सर पोटाने मोठे होते आणि शिट्टी त्या पोटावर आडवी झोपलेली असायची. मैदानाची किल्ली त्यांच्याकडे. मुलांना ती मागावी लागत नसे. मुलींना एक खोली होती, तीत कॅरमबोर्ड आणि रबरी रिंग. मी धावायचं म्हटलं तेव्हा सरांनी चष्मा काढून पुसला. "धावणं मुलींच्या अंगाला बाधतं. पुढे संसार करायचाय ना? रिंग खेळ." मी तिथेच उभी राहिले म्हणून नाइलाजाने एकदा पळवून पाहिलं. मी त्यांच्या मुलांमधल्या निम्म्यांना मागे टाकलं, तर सर म्हणाले, "तुमच्या लोकांत ही ताकद मूळचीच असते. त्यात तुझं काय?" महिन्याभराने पाय मुरगळून मी मागे पडले तेव्हाही त्यांच्याकडे उत्तर तयार होतं. "मेहनत नको असते तुम्हाला. सगळं सवलतीत पाहिजे." म्हणजे जिंकले तर रक्त, हरले तर आळस. माझ्या वाट्याला, मंदा म्हणून, मधलं काहीच नाही. असला हिशेब मांडायला माणूस फार हुशार असावा लागतो किंवा अजिबात नसावा लागतो. सरांच्या बाबतीत मला कधीच शंका नव्हती.

मैदान मिळेना म्हणून मी गावातच, पिंपळगावच्या रस्त्यावर उजाडता उजाडता धावायला लागले. तरणी पोर एकटी रस्त्यावर पळते हे आईला झेपेना. तिने वहिनीला सोबत लावून दिलं, राखण म्हणून. वहिनीच्या पायांत आण्णांच्या जुन्या कॅनव्हासच्या बुटांचा जोड, पुढे कापूस कोंबलेला. पहिल्या दिवशी मी पुढे आणि राखण मागे असं ठरलं होतं. पहिल्या वळणाला राखण पुढे निघून गेली आणि पुलाजवळच्या बाभळीखाली जाऊन पदराने वारा घेत बसली. मी पोचले तर म्हणते, "मंदे, तुला कोणी पळवून न्यायचं म्हटलं तर मी मागं फिरून येस्तवर त्याला थांबावं लागंल. न्हाईतर तू काय, लगीच सापडशील त्याला." मी धापा टाकत होते. ती हसत होती. दादा गेल्यापासून तिला मी तशी हसताना पाहिली नव्हती.

मग नाशकातल्या एका क्रीडामंडळाच्या शर्यतीची बातमी आली. दरवर्षी फक्त पुरुषांची असायची, त्या वर्षी प्रथमच 'माता-भगिनींसाठी' वेगळी दौड ठेवली होती. सुमनवहिनी कोणाची माता नव्हती आणि तिला भाऊ नव्हता, तेव्हा ती कोणत्या खात्यात बसते हे मला कळेना, पण नाव दोघींचं दिलं. बायकांत पहिली येईल तिला जिल्ह्याच्या संघात घेऊन राज्याच्या शर्यतीला धाडणार होते. राज्यापर्यंत पोचलेल्या मुलींना रेल्वेत नोकरी लागल्याचं मी कॉलेजात ऐकलं होतं, ते मी घरी सांगितलं. वहिनी भाकरी थापत होती. तिचे हात थांबले. "म्हंजे डब्यात बसून कामाला जायचं?" तिने विचारलं. मी म्हटलं, हो, पासही मिळतो. "आन् गाडी थांबती? आपल्यासाठी?" मी म्हटलं, स्टेशनावर थांबते की. ती पुन्हा भाकरी थापायला लागली, पण ती भाकरी करपली. आमच्या घरात वहिनीच्या हातून भाकरी करपलेली मला आठवते ती तेवढीच.

शर्यतीच्या सकाळी आण्णांनी धक्क्यावर खाडा केला. स्वतः पेटीतलं इस्त्रीचं धोतर नेसून ते आमच्याबरोबर नाशकाला आले. मैदानावर मंडप, मंडपात मंच, मंचावर समिती. अध्यक्ष, चिटणीस, एक डॉक्टर, आणि आमचे शिट्टीवाले सरसुद्धा, कारण शहरात जिथे खुर्ची मांडलेली असेल तिथे ते असायचेच. मंचाला पाच-सहा पायऱ्या होत्या. एवढ्या पायऱ्या चढून आल्यावर यातल्या प्रत्येकाला बोलण्याआधी दम खावा लागला, हे मी डोळ्यांनी पाहिलं. आणि याच माणसांनी ठरवलं होतं की बाईमाणसाला लांबची दौड सोसत नाही. पुरुषांनी पार मखमलाबादच्या बाजूला जाऊन यायचं होतं, आम्ही गोदावरीच्या, म्हणजे आमच्या गंगेच्या, पुलावरून मालेगाव स्टँडचा चढ चढायचा आणि परतायचं. डॉक्टरांनी माइकवर स्त्रीदेहाच्या नाजूकपणावर भाषण दिलं. ते ऐकायला ज्या उभ्या होत्या त्यांतल्या कितीतरी घरून पाणी भरून, स्वयंपाक उरकून, कोणी तान्हं पोर सासूकडे देऊन आल्या होत्या. वहिनी माझ्या कानात म्हणाली, "एवढंच पळायचं? आपला टेम्पो तर ह्याच्या पुढं गेल्यावर हळू होतो."

शर्यतीबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. सगळ्या एकत्र सुटल्या. पुलापर्यंत मी वहिनीच्या पाठीशी होते. चढ लागला तशी ती निघून गेली, आणि मला फक्त तिच्या हिरव्या पातळाचा काष्टा दिसत राहिला, मग तोही दिसेना. परत पुलावर आले तेव्हा घाटावर कपडे धुणाऱ्या बायका हातातली धुणी टाकून वर बघत होत्या. त्यातली एक ओरडली, "पळ गं बाई, ती हिरवी केव्हाच गेली!" वहिनी पहिली आली. मी बऱ्याच मागून दुसरी. तिसरी सटाण्याची एक शाळेतली मुलगी. चौथी चिटणिसांची सून, जरीच्या काठाची साडी, हातभर हिरवा चुडा. ती शेवटचा टप्पा चालत आली, पण बाकीच्या तर चढावरूनच माघारी फिरल्या होत्या. आण्णांनी वहिनीला पाणी दिलं. सासरा सुनेशी बोलतो तेवढंच ते बोलले. "लय भारी पळालीस, पोरी," एवढंच. पण बोलताना त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती.

आता बक्षीस. पुरुषांच्या पहिल्या नंबराला सायकल होती, मंचाशेजारी झेंडूची माळ घालून उभी केलेली. माता-भगिनींना काय द्यावं, यावर समितीत म्हणे बराच खल झाला होता. शेवटी त्यांच्या डोक्यातून निघालं ते असं, की पहिल्या नंबराची अध्यक्षांच्या पत्नीच्या हस्ते ओटी भरायची. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी. बाई धावली काय, उडाली काय, शेवटी ती कोणाची तरी सवाष्ण असणार, यापलीकडे काही असू शकतं हे त्या मंचावर एकालाही सुचलं नव्हतं. एकालाही. हे लिहून मी थांबले, जरा सौम्य करावं का म्हणून. नाही करत.

माइकवर नाव पुकारलं. वहिनी पायऱ्या चढली. अध्यक्षीणबाई ताट घेऊन पुढे आल्या, कुंकवाची बोटं वहिनीच्या कपाळापर्यंत नेली आणि थांबल्या. कपाळ मोकळं, गळा मोकळा.

"लग्न व्हायचंय का गं?" त्यांनी विचारलं. माइक जवळच होता, सगळ्या मैदानाने ऐकलं.

"झालंय."

"मग मालक?"

"वारले."

बाईंनी ताट असं मागे घेतलं जसं काही निखारा उडाला. चिटणीस उठले, डॉक्टर उठले, सर उठले. मंचाच्या कोपऱ्यात चार डोकी एकत्र आली. वहिनी तशीच उभी, पदर ओटीसाठी पुढे धरलेला, तो खाली सोडावा की नाही हे तिला कळत नव्हतं. मग चिटणिसांनी माइक घेतला आणि घसा साफ केला. "तांत्रिक कारणामुळे," ते म्हणाले, "ओटीचा मान दुसऱ्या क्रमांकाला देण्यात येत आहे. कुमारी मंदा." मंडपात कुठेतरी हसू फुटलं. मी वर गेले.

"मी दुसरी आले, साहेब," मी चिटणिसांना म्हटलं. "पहिल्या आल्या त्या वहिनी."

"अगं, ते आहेच. पण ओटी पहिल्या नंबराची आहे ना, म्हणून आता तू पहिली."

"पण मी दुसरी आले."

"मुली, अपमान करू नकोस. देवीचं ताट आहे."

"आमच्यात ओटी भरत नाहीत. आम्ही बौद्ध आहोत," मी म्हटलं. आवाज इतका बारीक निघाला की मलाच ऐकू आला नसेल. पण आमच्या सरांना आला. ते अध्यक्षांकडे वाकून म्हणाले, "मी सांगत होतो ना तुम्हाला." काय सांगत होते ते मला आजवर कळलेलं नाही, पण अध्यक्षांनी मान हलवली.

मग तो नारळ खाली खाली उतरत गेला. सटाण्याच्या मुलीला वर बोलावलं. बाईंनी तिच्याशी कुजबुजून काही विचारलं. पोर प्रामाणिक, पंधरा-सोळा वर्षांची. तिने मान खाली घालून सांगितलं, "आहे, बाई. कालपासून." बाई ताट घेऊन दोन पावलं मागे सरल्या. बिचारी त्या अवस्थेत सगळा चढ पळून आली होती, तिच्या पाठीवर कोणी हात ठेवायचा, तर तिलाही उतरवलं. उरली चालत आलेली. चिटणिसांची सून. तिला कपाळ होतं, गळा होता, चुडा होता आणि त्या दिवशी ती स्वच्छ होती. तिची ओटी भरली, टाळ्या झाल्या आणि माइकवर जाहीर झालं, माता-भगिनींत प्रथम क्रमांक. सगळ्यांत धीमे पोचलेली बाई सगळ्यांत पुढे. शर्यतीचा असा निकाल लावायला डोळे मिटून घ्यावे लागतात, आणि त्या मंचावरच्या लोकांना तेवढाच व्यायाम जमत होता. सून मान वर करत नव्हती. तिचा मला राग नाही. ओटीचं ओझं घेऊन ती पायऱ्या उतरली तेव्हा वहिनीच्या बाजूने जाताना ती पुटपुटली, "ताई, मी मागितलं नव्हतं हो." वहिनी म्हणाली, "तू हळू उतर. पाय घसरंल."

आण्णा मंचासमोर गेले. त्यांनी चिटणिसांना एकच विचारलं, "साहेब, मग संघात कोण जाणार?" चिटणीस म्हणाले, "नियमाप्रमाणे, प्रथम क्रमांक." आण्णांनी टोपी डोक्यावर घातली आणि आम्ही निघालो.

परतीच्या पॅसेंजरला वहिनी खिडकीशी बसली होती. आण्णांनी भत्ता घेतला होता, चुरमुरे, शेव, बारीक चिरलेला कांदा. ती पुड्यातून कांदा निवडून निवडून खात होती, सवयीने मोठे तुकडे एकीकडे, बारीक एकीकडे. मला रडू येत होतं. तिने माझ्या मांडीवर पुडा ठेवला. "मंदे, आपला टेम्पोवाला बरा," ती म्हणाली. "चढली तिला घेतो. नवरा हाय का, पाळी हाय का, कायबी विचारत नाय." आण्णा खिडकीबाहेर बघत होते.

राज्याच्या शर्यतीला आमच्या जिल्ह्यातून बायकांत कोणीच गेलं नाही. चिटणिसांनी सुनेला परगावी पाठवायला नकार दिला, घरंदाज बाई परक्या गावी मुक्काम करत नसते म्हणून. समितीच्या अहवालात छापून आलं की योग्य महिला स्पर्धक उपलब्ध होऊ शकली नाही. मी ते कॉलेजच्या वाचनालयात वाचलं. शेजारी सर पेपर वाचत बसले होते, शिट्टी पोटावर झोपलेली.

शर्यतीच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी टेम्पो आला होता. वहिनीने आईला आणि काकूंना हात देऊन वर चढवलं, स्वतः चढली नाही. ड्रायव्हर ओरडला, "ये की सुमन!" ती म्हणाली, "तू हो पुढं." आणि टेम्पोच्या बाजूने धावायला लागली. आई सांगायची, खळ्याच्या फाट्यापर्यंत ती टेम्पोच्या बरोबरीने होती आणि फाट्यावर पुढे गेली. नंतर रोजच. बायका फळीला टेकून तिला हुशारी द्यायच्या आणि ड्रायव्हर, त्याचं डिझेल वाचवायचं सोडून, तिला हरवायला गाडी दामटायचा. तिला रेल्वेची नोकरी लागली नाही. मला पुढे नाशकातल्या मुलींच्या शाळेत क्रीडाशिक्षिकेची लागली, आणि मैदानाची किल्ली माझ्या हाताशी आली. ती मी कधी कुलपाला लावली नाही. आण्णा आणि आई गेल्यावर वहिनी माझ्याकडे आली ती आजतागायत. माझ्या शाळेतल्या मुली संध्याकाळी तिच्यामागे पळायच्या आणि तिला पकडता येईना म्हणून चिडायच्या. आता तिचे गुडघे गेलेत. बाल्कनीत बसून ती खालच्या रस्त्यावर पळणाऱ्यांना नावं ठेवते.

गेल्या महिन्यात त्याच मंडळातून फोन आला. आता तिथे दुसरी माणसं आहेत, चिटणिसांचा नातू अध्यक्ष आहे. महिलांची मोठी दौड आहे, गुलाबी टी-शर्ट वगैरे. कोणीतरी त्याला आमची जुनी गोष्ट सांगितली असावी. "सुमनताईंचा ज्येष्ठ धावपटू म्हणून सत्कार करायचाय, मॅडम," तो म्हणाला. "शाल आणि श्रीफळ. आजींचं आणि मंडळाचं जुनं नातं आहे." मी फोनवर हात ठेवून वहिनीला विचारलं. ती मेथी निवडत होती. देठ एकीकडे, पानं एकीकडे.

"नारळ देणार म्हणतो?" तिने विचारलं.

"हो."

"आधी इचार त्याला, कपाळ बघून देणार का पाय बघून."

मी तसं विचारलं नाही. माझ्याच्याने अजूनही होत नाही. मी फोनवरचा हात तसाच ठेवून म्हटलं, वहिनी, नीट सांग, काय कळवू?

तिने मेथीची जुडी खाली ठेवली आणि गुडघ्यावर हात ठेवून खिडकीतून खाली पाहिलं, जणू काही तो मुलगा खाली ताट घेऊन उभाच आहे. "त्याला म्हणावं, नारळ घिऊन पुलावरनं पळत सूट. स्टँडचा चढ चढ. मी मागून येती," ती म्हणाली. "गाठला तर घीन."